दुखतंय म्हणायला शिकवणारा मल्लू

तुमच्या वडिलांची पाठ नेमकी कुठं दुखते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं. माझा मित्र, वकील मल्लिकार्जुन, आमचा मल्लू, याला ठाऊक होतं. आणि त्याबद्दल मला त्याचा जो हेवा वाटत आला, तो त्याच्या जाण्यानंही कमी झालेला नाही. दीड महिन्यापूर्वी कागलहून त्याच्या थोरल्या भावाचा फोन आला, ‘मल्लू गेला.’ काविळीनं, पस्तिशीही गाठायच्या आत. मी रिसीव्हर हातात धरून उभी होते आणि माझे वडील आबा, ज्यांना मी आजी वारली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, ते भिंतीला डोकं टेकून हमसून रडत होते. माझ्यासाठी हे असे रडतील का?... पहिला विचार मनात आला तो हाच.

मी पत्रकांवर वाढले. मामाचा छापखाना होता, मोर्चाची, संपाची, पाणीटंचाईची सगळी पत्रकं तिथं छापली जायची आणि अक्षरओळख होताच मी त्यांची प्रुफं वाचू लागले. कॉलेजात मी पत्रकं लिहायचे आणि मल्लू माझ्यासोबत वाटायचा. तो गुळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, घरी कन्नड, बाहेर मराठी. माझा मजकूर वाचून म्हणायचा, ‘काय गं पत्रकवाली, उद्गारचिन्हं घाऊक दरानं आणलीस व्हय?’

आबा लष्करात ट्रकचालक होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मणका सरकला म्हणून त्यांना मुदतीआधी घरी पाठवलं, आणि हे दुखणं सैनिकी सेवेमुळे झालेलं नाही असा शेरा मारून अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं. पेन्शन गेल्याचं आबांनी मनाला लावून घेतलं नाही. पण गल्लीच्या कट्ट्यावर कुणीतरी त्यांच्या देखत म्हणालं, ‘मिल्ट्रीतनं हाकललाय की ह्याला, पाठीचं निमित्त हाय.’ तेव्हापासून आबा त्या रस्त्यानं जाईनासे झाले. मी जळजळीत पत्रक लिहिलं. आबांनी ते वाचलं, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, ‘लष्कराला नावं ठिवायची न्हाईत ह्या घरात.’ अपील केलं, फेरतपासणीला बोलावणं आलं. आबा शर्टाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश करून गेले आणि डॉक्टर अधिकाऱ्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले. ‘कैसे हो, जवान?’ ‘एकदम ठीक, साब!’ वाकायला सांगितलं, तर वाकले. घरी येऊन आठवडाभर अंथरुणात पडून होते. अपील अर्थातच फेटाळलं गेलं.

मग तोवर वकील झालेल्या मल्लूनं ते काम हाती घेतलं. एका रविवारी तो आला, एकही कागद न मागता आबांशेजारी सतरंजीवर बसला आणि त्यांच्या पाठीवरून बोट फिरवत विचारू लागला, ‘काका, हितं?... का हितं?’ मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प. स्वयंपाकघरातून मी ऐकलं. बर्फाचा घाट, घसरणारा ट्रक, चाकाखाली दगड लावायला उतरलेले आबा, आणि मागं घसरत येऊन त्यांना कड्याशी दाबणारी तीच गाडी. ‘मग दवाखान्यात का गेला न्हाईसा?’ मल्लूनं विचारलं. ‘पुढच्या चौकीत पोरं गारठल्याली. रॉकेल आमच्या गाडीत. गेलतो तसाच गाडी घिऊन...’ मी या माणसाची मुलगी, आणि हे मला भिंतीआडून कळत होतं! मल्लूला मी जिन्यातच गाठलं. ‘तुला कसं काय सांगितलं त्यांनी?’ तो म्हणाला, ‘मी इचारलं म्हणून. तू इचारत न्हाईस, सांगत असतीस.’ मला ते आजही पुरतं पटत नाही. आबांना त्याच्यात मुलगा सापडला होता, हेही त्यात होतंच.

घाटात आबांच्या शेजारी बसलेला जवान निपाणीच्या पुढं एका खेड्यात राहत होता. मल्लू बसनं गेला, ‘अण्णा, अण्णा’ करत त्याच्या घराच्या सोप्यात दिवसभर कन्नडात गप्पा मारत बसला आणि त्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन आला. मग आमच्या घरात तालीम सुरू झाली. आईचा चष्मा लावून मल्लू अधिकारी व्हायचा. ‘कैसे हो, जवान?’ ‘एकदम ठी...’ ‘हरलासा काका! परत!’ ‘दर्द है, साब.’ ‘उभं ऱ्हाऊन न्हाय, खुर्चीत बसून म्हणायचं.’ ‘साहेबाच्या म्होरं बसू? मेलो तरी न्हाय!’ ‘मेल्यावर मग काकींना अपील करावं लागंल.’ आबा पोट धरून हसले. तसं हसणं मी कधी त्यांच्याकडून मिळवलं नव्हतं.

दुसऱ्या अपिलात पुन्हा तपासणी झाली. आबा खुर्चीत बसले आणि ‘दर्द है, साब’ म्हणाले. काही महिन्यांनी पोस्टमननं निकालाचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. दुखणं सेवेमुळेच झालेलं, पेन्शन मंजूर. आबा चालत कट्ट्यावर गेले, सगळ्यांच्या मधोमध बसले. तिथून उठले ते थेट कागलच्या बसमध्ये, मल्लूला सांगायला. मला संध्याकाळी कळलं.

लिंगायत रिवाजाप्रमाणे मल्लूला बसवून माती दिली. आबा सगळा वेळ सावधानमध्ये उभे होते. नंतर दोन दिवस पाठ धरून ‘दुखतंय गं’ म्हणत राहिले, मोठ्यानं.

कागलला गुळाच्या दुकानामागच्या खोलीत मल्लू दर रविवारी आबांसारख्या, पेन्शन नाकारलेल्या माजी सैनिकांना भेटायचा. भावानं ती खोली उघडी ठेवली आहे. ढेपांचा वास अजून तसाच आहे. आबा जातात, आता मीही जाते. मागच्या रविवारी एक थकलेले हवालदार आले. ‘वकील न्हाईत?’ मी म्हटलं, ‘मला सांगा.’ त्यांनी मान वळवून आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, ‘पावणं, पोरीला सांगा. ऐकून घील ती.’ हवालदार मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिले... मल्लूला त्यांनी लगेच सांगितलं असतं. मी मात्र तोंड मिटून बसून राहिले आणि शेवटी त्यांनी कमरेवर हात ठेवला.

तुमच्या घरात, शेजारात नकाराचं उत्तर ट्रंकेत टाकून गप्प झालेला असा कुणी असेल, तर एखाद्या रविवारी त्याला घेऊन या. तेही जमत नसेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि कुठं दुखतंय ते विचारा. तो ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणेल. तेव्हा उठू नका.