एकही तक्रार नाही

दवाखान्यात त्याला सगळे चावीवाला म्हणत. कॉम्प्युटर अडला की उघडून देणारा तोच.

एक्स-रेच्या कॉम्प्युटरचं दुखणं जुनं होतं. फोटो ज्या फोल्डरात साठायचे, तिथे साठवायची परवानगी चावीवाला त्या कॉम्प्युटरवर द्यायचा. दुसऱ्या दिवशी तो सुरू केला, की मुख्य ऑफिसचा सगळ्या शाखांसाठीचा नियम नेटवर्कवरून उतरायचा आणि ती परवानगी काढून घ्यायचा. आईने पोराला खेळायला सोडावं आणि बापाने दारातूनच परत आणावं, तसला प्रकार.

सुरुवातीला त्याने वर कळवलं होतं, की एवढा एक कॉम्प्युटर नियमातून वगळा. साहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. अडलं तर तक्रार टाका. नंबर लागेल तेव्हा बघू."

नंबर लागेपर्यंत हात मोडलेल्या पोराने काय बाकावर विव्हळत बसायचं? याची जीभ तिखट, पण जीव मऊ. मग हा रोज सगळ्यांच्या आधी यायचा, कॉम्प्युटर सुरू करायचा, नियम उतरू द्यायचा आणि परवानगी पुन्हा देऊन ठेवायचा. एक्स-रेच्या ताई येईपर्यंत सगळं तयार. अशी वर्षं गेली. इथे कधी काही अडत होतं, हेच ताई विसरून गेल्या.

मग वरून फर्मान आलं. ज्या शाखेतून तक्रारी नाहीत, तिथे कॉम्प्युटरचा माणूस नको. या शाखेतून तर एकही तक्रार नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो ताईंकडे गेला. "साहेबांना एक शब्द सांगा ना, रोज काय होतं ते."

ताई गोंधळल्या. "खोटं कसं सांगू, भाऊ? माझा कॉम्प्युटर तर कधी अडलाच नाही."

त्या खरंच बोलत होत्या. त्याचीच त्याला जास्त चीड आली.

घरी बायको म्हणाली, "एखाद्या दिवशी उशिरा गेला असतात तर काय बिघडलं असतं?"

"बाहेर लहान लहान पोरं बसलेली असतात गं."

"आपल्याही घरात एक आहे," ती म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

नोकरी गेल्यावर पहिल्याच सकाळी फोन आला. "भाऊ, फोटो साठतच नाहीयेत! बाहेर ही रांग लागलीय. काय करू?"

त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याला तोंडपाठ होता. तो बदलायचं वर कुणाला सुचलंही नव्हतं. फोनवरून सांगितलं असतं, तर चहा निवायच्या आत काम झालं असतं. पलीकडे कुणाचं तरी मूल कळवळून रडत होतं. ते रडणं त्याला सहन होईना, आणि फोनही ठेववेना.

"तक्रार टाका, ताई," तो म्हणाला. "नंबर लागेल तेव्हा बघतील."