ओटीतला दाखला

बजाजनगरात तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली तेव्हा मला वाटायचं, दम लागतो तो जिन्यामुळे. पाण्याची कळशी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं, आणि थांबणं हा माझा स्वभाव नाही. लहानपणी मला कुणी "बस गं जरा" म्हटलं की मी हटकून उठायचे. आता कठड्याला धरून उभी राहायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

लग्नाला दहा महिने झाले होते, शहरात येऊन चार. माझं माहेर परभणीकडचं, सासर हिंगोलीकडचं, दोन्ही घरं शेतकऱ्यांची. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागला होता. या शहरात आमच्या ओळखीचा माणूस म्हणजे खोलीमालक, आणि त्याची ओळखही महिन्याच्या पहिल्या तारखेपुरती.

एकदा जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. मग नवऱ्याने सुट्टी टाकली आणि उस्मानपुऱ्याच्या पुढे एका मोठ्या दवाखान्यात मला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. म्हणाल्या, लहानपणी सांधे दुखून ताप आला असेल, त्यात हृदयाची एक झडप आखडली आहे. नळीतून फुगा घालून ती उघडता येते, छाती कापावी लागत नाही. पण लवकर करा. आणि तोवर दिवस जाऊ देऊ नका, तुमच्या हृदयाला ते झेपणार नाही.

"आणि धावपळ अजिबात नको," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली, आणि तिथून खालच्या मजल्यावर योजनेच्या खिडकीकडे निघाले ती धावतच. नवरा मागून ओरडत होता. हे काम सरकारी योजनेत होत होतं. नुसतं आधार आणि नाव असलेलं रेशनकार्ड हवं. मला वाटलं, आजच भरती करून घेतील.

खिडकीत आरोग्यमित्र म्हणून एक बाई बसल्या होत्या. नवऱ्याने मोबाइलमधला रेशनकार्डाचा फोटो पुढे केला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, खालीवर सरकवला.

"ताई, यात तुमचं नाव कुठंय?"

खरंच नव्हतं. सासरे, सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, माझा नवरा. मग कुणीच नाही. नवरा कान खाजवू लागला.

"मग माहेरच्या कार्डावर असंल," बाई म्हणाल्या. "लई पोरींचं तसंच असतंय. तेच आणा, चालतंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथूनच वडिलांना फोन लावला. वडील शाळेत कारकून होते, आता निवृत्त. गावात कुणाचा अर्ज, कुणाचा उतारा, कुणाचा जातीचा दाखला, सगळं त्यांच्या हातचं. आयुष्यात त्यांनी कागदावर खोटं कधी लिहिलं नाही, आणि हे ते स्वतःच येताजाता सांगायचे. म्हटलं, अण्णा, आपल्या कार्डाचा फोटो पाठवा, माझं नाव दिसेल असा.

"तुझं नाव कुठंय त्याच्यावर?" अण्णा म्हणाले. "लग्नाच्या पाचव्या दिवशी जाऊन कमी करून आलो की मी." वर आवाजात कौतुक, स्वतःचंच. "लोकं वर्षवर्ष करत न्हाईत. म्या पाच दिवसांत केलं."

"आणि नाव कमी केल्याचा दाखला?"

"तुझ्या ओटीत घातला व्हता. मांडव परतणीला आलतीस तव्हा. नारळाखाली."

मला ते आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत निघाले तेव्हा आईने ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. अण्णांनी पुढे होऊन घडी घातलेला एक कागद त्यात सरकवला आणि म्हणाले, सासूबाईच्या हातात दे. मी दिला. नव्या नवरीने ओटीतलं उघडून बघायचं नसतं, एवढं शहाणपण तेवढं मला त्या दिवशी होतं. नको तिथे शहाणपण.

खिडकीपासून दोन पावलं बाजूला होऊन मी सासूबाईंना फोन लावला. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

"आत्याबाई, माझ्या ओटीतला कागद कुठंय?"

"देवापाशी हाय की. ओटीत आलेलं मी कुठं टाकीन व्हय? शिक्का हाय त्याला गोल, म्हून खंडोबाच्या टाकाखाली ठिवलाय. रोज हळदकुंकू लावते."

दहा महिने माझा कागद देवघरात पूजा खात होता. एका घराने नाव काढलं होतं, दुसऱ्या घराने ते कापल्याच्या कागदाला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि मी कुठल्याच घरात नव्हते. मला हसू येईना आणि रडूही येईना. नवरा म्हणाला, चहा घेऊ. मी म्हटलं, चहा घ्यायला मी माणूस कुठल्या घरची आहे ते आधी ठरू द्या.

पुढचे आठ दिवस मी घरात टेकले नाही. ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. पगारातून दवाखान्याचं कापतात असं ऐकलं होतं. तिथला माणूस चांगला होता, म्हणाला, कापतो, पण एवढ्या मोठ्या इलाजाला जितके महिने भरावे लागतात तितके तुमच्या मिस्टरांचे झाले नाहीत. मग तहसीलला. काळीपिवळीतून क्रांती चौकात उतरायचं, तिथून पायी. चार पावलं टाकली की छाती धडधडायची, उभी राहायचे, लोक बघायचे, की परत निघायचे. डॉक्टरबाईंनी पाहिलं असतं तर तिथेच ओरडल्या असत्या.

तहसीलच्या बाहेर लिंबाखाली एक म्हातारे चाचा टेबल मांडून अर्ज लिहीत बसलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी भराभरा बोलत होते, ते सावकाश टोपण लावत होते, आणि त्या सावकाशीचा मला राग येत होता.

"बेटी, तुम अब्बी किदर के बी नई," ते म्हणाले. "दो रास्ते हैं. एक, इदर नया कार्ड बनाओ. उसकू शौहर का नाम गाँव के कार्ड से कटना पडता. दो, गाँव जाके तुम्हारा नाम चढाओ. जल्दी किसकी है?"

"माझ्या हृदयाची," मी म्हटलं.

चाचांनी चष्मा काढला. अर्ज लिहून दिला नाही. म्हणाले, पहले घर में पूछो, कटने के नाम पे घरवाले बिगडते.

ते म्हणाले तसंच झालं. नवऱ्याने फोनवर नाव कमी करायचं काढलं मात्र, आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "जित्या माणसाचं नाव कापून देऊ व्हय मी? मेलेल्याचं कापतात! आन् येगळं निघायचं तर तसं तोंडानं सांग, कारडाच्या आडून नको सांगू." आईपुढे नवऱ्याचं तोंड कधी उघडत नाही, आणि त्या वेळी तर मला त्याचा असा राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी फक्त भाजीपुरतं बोलले.

त्या रागाच्या भरातच मी पुन्हा अण्णांना फोन केला. म्हटलं, तुम्ही माझं नाव परत चढवा. तुमची तहसील ओळखीची आहे, तुमचं कोण ऐकणार नाही? महिनाभरापुरतं चढवा, मग काढा.



"लग्न झालेल्या पोरीचं नाव बापाच्या कार्डावर?" अण्णा म्हणाले. "लोक काय म्हनतील बाई? नांदत न्हाई म्हनतील. मी गावाला नियम शिकवतो आन् मीच असं लिहू?"

"तुम्हाला पाच दिवससुद्धा दम धरवला नाही," मी म्हटलं. "घरातून काढायची इतकी घाई होती माझी?"

आणि फोन ठेवून दिला. मग त्यांचा फोन आला तरी उचलला नाही. आईचा उचलायचे आणि अण्णांचं नाव निघालं की विषय बदलायचे. खरं सांगते, झडपेपेक्षा ते जास्त दुखत होतं. रात्री कूस बदलली की छातीत धपधप ऐकू यायची, आणि मला वाटायचं, यांना मी मेले तरी कार्ड स्वच्छ पाहिजे.

शेवटी आम्ही सासरी गेलो. एसटीत मला खिडकीजवळ बसवलं होतं, मी तीनदा उठून उभी राहिले. आत्याबाई दारातच उभ्या होत्या, तोंड फुगवून. पण मी पायरी चढताना थांबले, उंबऱ्याला धरलं, तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. फोनवर माझा दम ऐकू जात नव्हता. त्यांना वाटलं होतं, शहरात गेलेल्या सुनेचं काहीतरी निमित्त आहे.

त्या मुकाट्याने देवघरात गेल्या. कागद आणला. चारी कोपरे हळदीने पिवळे, आणि गोल शिक्क्यावर बरोबर मधोमध कुंकवाचं बोट.

"मला काय ठावं माय, ह्यो हापिसात द्यायचा असतो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बापानं पोरीची सनद दिलीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याबरोबर तालुक्याला निघाल्या. नको म्हटलं तरी निघाल्या. पुरवठ्याच्या टेबलावरच्या साहेबांनी कागद उजेडात धरला, कुंकवाखालून शिक्का वाचला, आणि म्हणाले, दहा महिने कुठं होता? आत्याबाईंनी सांगितलं, देवापाशी. साहेब हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी अर्ज घेतला आणि पंधरा दिवसांनी ऑनलाइन दिसेल म्हणाले.

"पंधरा दिस?" आत्याबाई खालीच मांडी घालून बसल्या. "सुनंचं काळीज आटलंय साहेब. नाव चढल्याबिगर मी हितनं उठत न्हाय."

मला लाज वाटली, आणि त्याच वेळी त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. साहेबांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, अर्जाला टाचली, वर लाल पेनने काहीतरी लिहिलं. नाव सहाव्या दिवशी दिसलं. शहरात परतल्यावर ते सहा दिवस मी मोबाइलवर किती वेळा रेशनकार्डाचा बारा आकडी नंबर टाकला असेल याची गणती नाही. नवरा ड्युटीवर, मी खोलीत येरझाऱ्या घालतेय, कुकरची शिट्टी झाली तरी भान नाही. दिसलं तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले.

भरती झाले त्या दिवशी योजनेच्या बाईंनी कार्ड बघितलं, "आलं का नाव? बरं झालं," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. तेवढंच.

संध्याकाळी वॉर्डात अण्णा आले. नवऱ्याने कळवलं असणार. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात आईने दिलेला डबा. स्टुलावर बसले. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सकाळी फुगा घालायचा होता, आणि खरं तर मला भीती वाटत होती, पण त्यांना ती दाखवायची नव्हती.

"नाव चढलं म्हनं," ते म्हणाले.

"हो. सासरच्या कार्डावर."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकत होती. अण्णांनी डबा खाली ठेवला, परत मांडीवर घेतला.

"मी बी गेलतो तहसीलला," ते म्हणाले. "तुझा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिशी."

मी वळले नाही, पण श्वास धरला.

"तितला पोरगा माझ्याच शाळंतला. म्हनला, गुरुजी, लगीन झालेल्या पोरीचं नाव परत घेता येत न्हाई. सोडचिठ्ठी झाली असंल तर येतं." शाळेतल्या कारकुनालाही आमच्याकडे गुरुजीच म्हणतात. "मग म्हनला, झाली का?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्या म्हनलं, व्हय, झाली. लिही. पोरगी माझ्याकडंच ऱ्हाते."

मी वळून बसले. ते माझ्याकडे बघत नव्हते, टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"त्यानं कोर्टाचा कागद मागितला," अण्णा म्हणाले. "त्यो काय माझ्याकडं नव्हता."