जनकाबाईच्या गाठीची उगवण

"आधी थोडं भिजवून पाहू, मंग बोलू." जनकाबाईंचं हे वाक्य आमच्या देऊळघाटात ऐकलं नाही असं घर सापडणार नाही. मे महिना सरत आला की लोक घरचं सोयाबीन पिशवीत घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. जनकाबाई त्यातले दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडत, गुंडाळी करून सावलीत ठेवत आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका देत. गुंडाळी उलगडली की कोंब पाहून सांगत, हे पेर, हे विकून टाक. शेजाऱ्याचं उगवलं म्हणून तुझंही उगवेल असं धरून चालू नको, ज्याचं त्याच्याच कोठीतलं भिजवून पाहिलं पाहिजे, एवढा त्यांचा आग्रह.

नवरा गेल्यावर वावर त्यांनीच सांभाळलं. मुलगी निशिगंधा बुलढाण्याच्या शाळेत शिकवायला लागली आणि घर जरा सावरलं. तेवढ्यात जनकाबाईंच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली, केस गेले. पुष्कळ बायकांना त्याच औषधांनी गुण आला होता. यांना आला नाही. रोग काळजात, म्हणजे डॉक्टर ज्याला यकृत म्हणतात तिथं, पोचला.

निशिगंधा त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं एक अभ्यास सुरू होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. सुईनं गाठीचा बारीकसा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत तो जेलीसारख्या थरात ठेवून वाढवायचा. त्यातून खसखशीएवढे पुंजके तयार होतात आणि ते अंगातल्या गाठीसारखेच वागतात. मग त्या पुंजक्यांवर वेगवेगळी औषधं टाकून पाहायची. कोणतं औषध त्यांना मारतं ते कळलं, तर तेच रोग्याला द्यायचं. यात हमी नाही, हेही बाईंनी सांगितलं. नुसता अंदाज मिळतो, आणि त्यासाठी थांबावं लागतं, थांबण्यातही धोका असतो.

निशिगंधा सांगते, माय मधेच हसली. बाईंना म्हणाली, "म्हंजे तुम्ही माह्याच कोठीतलं भिजवून पाहणार. मंग घ्या ना."

गावात ही गोष्ट पोचली ती वेगळ्याच रूपात. पारावर कोणी म्हणालं, मुंबईत जनकाबाईचं रोप लावलं, आता निंदायले कोण जाते? लोक हसले. उकंडराव हसले नाहीत. ते जनकाबाईंचे भासरे, म्हणजे मोठे दीर. घरात त्यांचा शब्द शेवटचा. अंगाचा जिता तुकडा परमुलखात ठेवला तर माणूस गेल्यावर त्याचा जीव तिकडंच अडकून राहतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. धाकट्या भावाला त्यांनी आपल्या हातानं अग्नी दिला होता. भावजयीच्या वेळी असं काही राहून जाऊ नये, ही त्यांची भीती. ती खोटी नव्हती.

त्यात मुंबईहून फोन आला. तुकडा उगवलाच नाही. पुन्हा सुई घालावी लागेल, नाहीतर डॉक्टरांच्या मनात जे औषध आहे ते सुरू करावं लागेल.

उकंडराव त्याच दुपारी घरी आले. मीही ओट्यावर होतो. ते म्हणाले, "तुकडा तिथं जगला नाही, हा इशाराच समजा. आता काऊन अंग पोखरून घेता? डॉक्टर देते ते औषध घ्या अन् घरी राहा."

जनकाबाई भासऱ्यांशी थेट बोलत नसत. पदर पुढं ओढून त्या मुलीला म्हणाल्या, "निशे, मोठ्या बाबाले सांग. एखाद्या डाव गोणपाटात पाणी जास्त होते अन् दाणे सडतात. म्हणून काय कोणी सारी कोठी उकिरड्यावर नेऊन टाकते? एक डाव आणखी भिजवून पाहू."

उकंडराव उठून गेले. जनकाबाईंनी मलकापुरातून मुंबईची गाडी पकडली.

या खेपेला पुंजके धरले. वाट पाहण्याचे ते दिवस वाईट होते. त्यांना अन्न जाईना, डोळे पिवळे दिसू लागले, आणि निशिगंधा फोन वाजला की दचके. मग उत्तर आलं. डॉक्टरांच्या मनातल्या औषधात ते पुंजके खुशाल वाढत राहिले होते. दुसऱ्या एका जुन्या औषधात, जे नुसतं तोंडानं घ्यायचं असतं, त्यात मरून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी आपलं ठरवलेलं बाजूला ठेवलं आणि ते जुनं औषध सुरू केलं.

पावसाळा गेला, सोयाबीन निघालं. दिवाळीनंतर यकृताचा फोटो काढला तेव्हा गाठी निम्म्याहून लहान झाल्या होत्या. रोग गेला नव्हता. औषध चालूच राहणार होतं. पण बाई चालत होती, जेवत होती, आणि तिच्या गाठीनं दिलेलं उत्तर खरं ठरलं होतं. आमच्या गावच्या बाईच्या देहातला कण दूरच्या प्रयोगशाळेत उगवला आणि त्यानं तिलाच वाट दाखवली. मी हे कुठंही सांगतो तेव्हा माझा आवाज आपोआप चढतो.

निशिगंधानं फोनवर मोठ्या बाबाला सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघी फाट्यावर एसटीतून उतरल्या. घरची वाट पारावरून जाते, आणि पारावर मोठी माणसं बसलेली असली की आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बायका चपला काढून हातात घेतात. त्या औषधानं जनकाबाईंच्या तळपायांची सालं निघत होती. तरी पारासमोर येताच त्या चपलेसाठी वाकल्या.

उकंडराव उठून उभे राहिले. भावजयीसाठी भासरा उभा राहिलेला मी आजवर पाहिला नव्हता.

"राहू दे वं पायात," ते म्हणाले. "तळपाय सोलले म्हणे तुहे."

जनकाबाई क्षणभर तशाच वाकलेल्या राहिल्या. मग सरळ झाल्या, पदर नीट केला आणि चपला घालूनच, हळूहळू, आमच्या सगळ्यांसमोरून गेल्या. मागून निशिगंधा पिशव्या घेऊन चालत होती. पारावरचे एकेक करून आम्ही सगळेच उभे राहिलो. त्या गल्लीत वळल्या, दिसेनाशा झाल्या, तरी उकंडराव त्या वळणाकडं पाहतच होते.