पाचवा हिस्सा

कंपाउंडरांनी बत्तीस वर्षं दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे काढली. निवृत्त झाल्यावरही शेजारीपाजारी त्यांना कंपाउंडरच म्हणत, आणि ते त्यांना मनापासून आवडे. कुणाची दाढ ठणकली की माणूस डॉक्टरांआधी यांच्या दारात. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधायच्या, वर पेनाने रेघा मारायच्या: एक रेघ सकाळ, दोन रेघा संध्याकाळ. काम चोख, यात वाद नाही. पण चोख माणूस चुकतो तेव्हा चूकही चोख करतो.

त्यांचा कुत्रा लांब्या. "देवानं याची पाठ करताना हात सैल सोडला आणि पायांच्या वेळी आखडला," असं त्यांची बायको म्हणे. सोफ्यावरून उडी मारताना त्या पाठीनेच दगा दिला. जनावरांच्या डॉक्टरीण बाईंनी दोन औषधं दिली. एक दुखण्यासुजेचं, दिवसातून एकदा, खाऊ घालून. दुसरं आखडलेले स्नायू सैल करणारं. त्यानं कुत्रा पेंगेल, झोकांड्या खाईल, म्हणून पायऱ्या बंद.

"याखेरीज काही देऊ नका, काका. फारच कण्हला तर फोन करा."

कंपाउंडर हसले. बरोबरीच्या माणसाकडे बघून हसतात, तसे.

तिसऱ्या दिवशी लांब्या कण्हायला लागला. बायको म्हणाली, "अहो, फोन लावा ना."

"एवढ्यासाठी? बत्तीस वर्षं मी काय गवत उपटलं?"

ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी कंबरदुखीची स्वतःची गोळी काढली. माणूस साठ किलोचा, कुत्रा बाराचा. म्हणजे पाचवा हिस्सा. काचेवर ब्लेडने गोळीचे पाच तुकडे केले, एकही कण सांडला नाही. पुडी बांधली, सवयीने रेघासुद्धा मारल्या. कुत्र्याला वाचता येत नाही, हेही सुचलं नाही. डॉक्टरीण बाईंचं औषध चालूच होतं. त्यावर दोन दिवस हे तुकडे.

तिसऱ्या सकाळी लांब्याने ताटलीकडे पाठ फिरवली. मागच्या अंगणात त्याची शी डांबरासारखी काळी पडली होती. काळी म्हणजे आत रक्त, हे त्यांनी खिडकीतून शेकडो लोकांना बजावलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चपलेने त्यावर माती सारली. माणसाला लाज वाटते तेव्हा तो आधी पुरावा झाकतो, कुत्र्याचं मागाहून बघतो.

"पाठच पुन्हा धरलीय," ते बायकोला म्हणाले.

तासाभरात दोघं त्याला घेऊन गेली. डॉक्टरीण बाईंनी टेबलावर लांब्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. "दुखतंय त्याला. उलटी? शी?"

"नाही. ठीक आहे."

"दुसरं काही दिलंत?"

"छे."

बायको त्यांच्याकडे बघत होती. तिला काहीच माहीत नव्हतं, हेच त्यांना जास्त लागलं.

"मग आजच्या गोळीऐवजी इंजेक्शन देते. त्याच जातीचं आहे, पण लवकर लागू पडेल." बाईंनी सुईत औषध भरलं. लांब्याने मान वळवली आणि कंपाउंडरांच्या मनगटावर हनुवटी टेकली. कुणी धीर देणारा जवळ असावा, तशी.

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. "ही माणसाची गोळी. पाचवा हिस्सा, दोन वेळा, दोन दिवस. सकाळी काळी शी झाली. मी माती टाकली त्यावर."

बाईंनी सुई बाजूला ठेवली. लांब्याचा ओठ वर केला, हिरड्या पांढुरक्या. मग पुडीवरच्या रेघा पाहिल्या.

"वजनाचा हिशेब बरोबर आहे, काका. पण कुत्रा म्हणजे लहान माणूस नव्हे. आपल्याला सोसतं ते याच्या पोटाला जाळतं, आणि तुम्ही एकावर एक दिलंत. हे इंजेक्शन गेलं असतं तर..." त्या सलाईनची बाटली काढायला वळल्या.

चार दिवस सलाईनवर राहून लांब्या घरी आला. वाचला. आता पोटाचं औषध, स्नायूंचं औषध, वेळा लिहिलेला कागद. बायकोने कागद स्वतःकडे ठेवला. औषध तीच देऊ पाहत होती, पण लांब्या तोंड घट्ट मिटून घेई. तो तोंड उघडे फक्त कंपाउंडरांच्या हातासमोर.

"अर्धी. सकाळची," ती वाचे.

"अर्धीच ना?"

"लिहिलंय तेवढीच."

ते गोळी जिभेवर ठेवत. लांब्या गिळून त्यांची बोटं चाटे, आणि कंपाउंडर भिंतीकडे बघत.

त्याच आठवड्यात शेजारीण दारात आली. "कंपाउंडर, गुडघा फार ठणकतोय हो. द्या की एखादी पुडी."

"डॉक्टरांना दाखवा."

"अहो, एवढ्यासाठी?"

"हो," ते म्हणाले. "एवढ्यासाठीच."