बाबांची खुर्ची

पुण्याच्या गाडीसाठी रिक्षा फाटकाशी येऊन थांबली, तेव्हा बाबा खराट्यानं बागेतली जाळी पाडत होते. झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या बागेत पावसाळा सरता सरता मकड्या यायच्या, आणि कोणती कोणती ते ओळखायचं मला वेड. "लग्न नको, नोकरी पाहिजे! जा. ही घाण मी साफ करतो," एवढंच ते बोलले. आईला फाटकापर्यंत यायची परवानगी नव्हती.

पुण्यात ऑफिसातल्या मुली हसायच्या, "मकडी काय गं? कोळी म्हण!" मी कोळी म्हणायला शिकले. घरी फोन केला की बाबा माझा आवाज ऐकून ठेवून द्यायचे.

मग एका दुपारी शेजारच्या भाभीजींच्या मोबाईलवरून आईचा फोन आला.

"पोटावर पिवळे पट्टे. पाय दोन-दोन जोडून फुलीसारखी बसलीये. जाळ्यात पांढरी नागमोडी शिवण. कोण गं ही?"

"सिग्नेचर स्पायडर, आई. मादी."

पुढच्या वेळी तंबूसारखं ताणलेलं जाळं: टेंट स्पायडर. आमचं बोलणं एवढंच. बाबांना कळलं, तेव्हा त्यांनी सगळ्या बागेवर औषध फवारलं आणि मेलेल्या मकड्या आईला हातानं वेचायला लावल्या.

गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला. वाचा गेली. मी झाशीला पोचले, तर त्यांची खुर्ची जास्वंदीला लावून ठेवलेली. नाकासमोर वीतभर अंतरावर जाळं, मधोमध पिवळ्या पट्ट्यांची मादी. बाबांच्या कपाळावर घाम होता.

"रोज बसवते," आई म्हणाली. "अहो, ओळखा पाहू! लेकीला विचारू?"

"आई, घाबरलेत ते."

"माहीत आहे मला."

मी खुर्ची मागे ओढायला गेले. आईनं माझं मनगट धरलं. "तू चार दिवसांची पाहुणी. चहा घे."

भिंतीपलीकडून भाभीजी कौतुकानं म्हणाल्या, "चाचीजी कितनी सेवा करती हैं! रोज हवा खिलाती हैं."

मी चहा घेतला.

तुम्हीही गाव सोडलेले असाल, तर घरची ओढ तुम्हाला ठाऊक असेल. माझ्यापुरतं घर म्हणजे आता दुपारचा तो फोन. आई निवांतपणे एकेका पायाचं वर्णन करते. मागून बाबांच्या घशातली घरघर ऐकू येते. मग आई विचारते, "कोण गं ही?"

मी नाव सांगते.