दिवाणखान्यातला कान

फोन हाताने जोडून द्यावे लागत, त्या काळात बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरींचे गुंते. एकाची वायर दुसऱ्याच्या भोकात खोचली की दोघं बोलू लागत, आणि बाईंनी आपली कळ बंद करायला जरा उशीर केला की बोलणारे दोघं आणि ऐकणारी तिसरी. नियमात ते बसत नव्हतं. पण लाइन नीट लागली की नाही हे ऐकल्याशिवाय कळणार कसं? या कर्तव्यबुद्धीने बाईंनी कितीतरी लग्नं जमताना ऐकली आणि त्यातली बरीचशी मोडतानाही ऐकली. एक मात्र खरं, या कानाचं त्या कानाला त्यांनी कधी कळू दिलं नाही.

स्वतः लग्न केलं ते कानाने अंमळ कमी असलेल्या गृहस्थांशी. "दिवसभर ऐकून जीव विटतो. घरात एक तरी माणूस न ऐकणारं हवं," असं त्या सांगत. यजमानांना ते ऐकू जात नसे, त्यामुळे संसार सुखाचा झाला.

निवृत्तीनंतर हाताला चाळा उरला नाही. मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा त्याचा व्हिडिओ गेमचा जुना डबा घरीच राहिला होता. एका रिकाम्या दुपारी बाईंनी तो लावला, आणि संध्याकाळी यजमान चहाची वाट बघत बसले तेव्हा बाई एका राजवाड्याच्या गच्चीवरून दोरीने खाली उतरत होत्या. तेव्हापासून चोऱ्या करणं, गाड्या आपटणं, राक्षस मारणं हे त्यांचं रोजचं काम झालं.

हा नाद आणखी एकीला लागला. यजमानांची धाकटी बहीण, शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची; तिनेही असाच एक जुना डबा घेतला. या वन्संचा आवाज असा की मैदानाच्या या टोकाला त्या पुटपुटल्या तरी त्या टोकाची पोरं सावधानमध्ये उभी राहत. नणंद-भावजयीत वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता. पण खेळाची डिस्क जायची! बाजारातल्या जुन्या डिस्कच्या दुकानातून बाई एक डिस्क आणत, खेळून झाली की यजमानांच्या हाती वन्संकडे धाडत, आणि वन्सं ती दुकानात देऊन दुसरी घेत. तोंडाने एक शब्द न बोलता दोघी या कारभारात गुंतल्या होत्या.

मग बाईंचा जुना डबा बिघडला. मुलाला कळलं तसं त्याने बाजारात येऊ घातलेला नवा डबा आईसाठी मागवला आणि आत्या रुसू नये म्हणून तिच्यासाठीही मागवला. बाईंनी ही बातमी दुकानदाराला सांगितली, तर त्याचा चेहराच उतरला.

"बाई, त्या नव्यात जुनी डिस्क चालत नाही म्हणतात. एका घरात लावली की ती त्या घराची झाली. दुसरीकडे नांदत नाही."

"अगंबाई! म्हणजे एकपत्नीव्रत?"

"हसू नका. माझं दुकान बसेल. शिवाय त्याला डोळा आहे आणि कान आहे. बंद केला तरी कान उघडाच. आणि रोज एकदा कंपनीला कळवतो."

"काय कळवतो?"

"मी इथेच आहे म्हणून."

"आमचे हे बाहेर गेले तर एवढंही कळवत नाहीत," बाई म्हणाल्या. पण घरी येईपर्यंत त्या विचारात पडल्या होत्या.

डबा आला. टीव्हीखाली बसवल्यावर त्याचा काळा डोळा खोलीभर बघू लागला. यजमान अंघोळीनंतर पंचा गुंडाळून दिवाणखान्यातूनच जात, त्यांनी आता स्वयंपाकघराला वळसा घालायला सुरुवात केली. "परक्या माणसासमोर असं कसं जायचं?" हा त्यांचा सवाल. बाईंनी लोकरीची कानटोपी डोळ्यावर चढवली, तर 'मला काही दिसत नाही' अशी पाटी पडद्यावर आली. शेवटी डोळा भिंतीकडे वळवून ठेवला. कानाचं काय करायचं ते मात्र सुचेना. खरं सांगायचं तर त्याबद्दल त्यांना राग नव्हता, कुतूहल होतं. पलीकडे बसलंय कोण? ड्यूटी किती तासांची? आमच्या घरात यजमान घोरतात ते ऐकून बिचाऱ्याला काय मिळत असेल? एकदा तर त्या यंत्राला म्हणाल्यासुद्धा, "जेवलात का?"

नव्या डब्याबरोबर राजवाड्यातल्या चोरीचा एक नवा कोरा खेळ आला होता. तो बाईंनी थोडा खेळला आणि रिवाजाप्रमाणे डिस्क यजमानांच्या हाती वन्संकडे पाठवली. वन्संच्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'ही डिस्क दुसऱ्या घराची आहे.'

वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत ज्या घराची पायरी चढल्या नव्हत्या, तिथे त्या डिस्क हातात नाचवत येऊन थडकल्या.

"वहिनी, माझ्यासाठी कुलूप घातलंत?"

"मी नाही हो, कंपनीने घातलंय."

"कंपनीला काय माहीत मी कोण ते? तुम्हीच सांगितलं असणार!"

पण खेळ तर खेळायचा होता. मग त्या रोज दुपारी येऊ लागल्या आणि दोघी दोन टोकांना बसून आळीपाळीने खेळू लागल्या. या डब्याला तोंडी हुकूम कळत असे. बाई चुकल्या की वन्सं ओरडत, "बंद करा तो वेंधळेपणा!" यंत्र आज्ञाधारक. 'बंद करा' एवढंच ऐकून ते पटकन बंद होई. इतकी वर्षं ड्रिल शिकवली, पण असा विद्यार्थी लाभला नव्हता, असं वन्संनी मनातल्या मनात कबूल केलं.

खेळात त्यांच्याबरोबर आणखी काही चोर होते. ते मधून मधून बोलत, "डावीकडे वळा", "पहारेकरी आला". दोघींना वाटे, बोलकी बाहुली असते तशी ही खेळातली पात्रं. गुणी पात्रं आहेत हो, असं त्यांचं एकमत होतं. तेवढंच एक.

एका दुपारी तिजोरीच्या दारापर्यंत पोचल्यावर बाईंकडून फुलदाणी पडली आणि जुनी ठिणगी पेटली.

"तुम्हाला आवाज न करता काही जमतच नाही," वन्सं म्हणाल्या. "नाही, चुकले. चोरून ऐकायला मात्र बरं जमायचं! माझा आणि पाणीपुरवठ्यातल्या त्या माणसाचा फोन तुम्हीच जोडायचात ना? आणि आईला जाऊन तुम्हीच सांगितलंत!"

बाईंनी हातातला रिमोट खाली ठेवला. "ऐकलं. नाही म्हणत नाही. पण सांगितलं नाही."

"मग आईला कळलं कसं?"

"वन्सं, तुम्ही माजघरात फोनवर बोलायचात आणि सासूबाई परसात कपडे वाळत घालायच्या. परसाच्या पलीकडच्या घरालासुद्धा कळलं होतं. तुम्हाला फोनची गरजच काय होती?"

वन्सं आ वासून बघत राहिल्या. तेवढ्यात टीव्हीतून एक तरुण आवाज अदबीने म्हणाला, "मॅडम, मग त्या पाणीपुरवठ्यावाल्यांचं पुढे काय झालं?"

दुसरा आवाज, बाईमाणसाचा, "अरे गप ना! त्या सांगतच होत्या!"

दोघी जागच्या जागी थिजल्या. पात्रं नव्हती ती. आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून खेळणारी जिवंत माणसं होती आणि रोज दुपारी दोघींचं भांडण हजेरी लावून ऐकत होती. तिजोरी फोडायची कुणाला घाईच नव्हती.

बाईंचे कान तापले. इतकी वर्षं त्या ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसल्या होत्या, ऐकल्या जाणाऱ्याच्या जागी काय होतं ते आज कळलं. आपण काय काय बोललो ते सगळं डोक्यातून सरसरत गेलं. यजमानांच्या घोरण्यापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत. संताप आला तो मात्र भलत्याच गोष्टीचा आला.

"मेल्यांनो, ऐकायची काही रीत असते!" त्या कडाडल्या. "ऐकणाऱ्याने श्वाससुद्धा सोडायचा नसतो. मध्येच प्रश्न कसले विचारता?"

"चुकलं, मॅडम," सगळे एका सुरात म्हणाले.

वन्सं हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग सगळा दिवाणखाना हलला. शेजारच्या खोलीतून यजमान बाहेर आले आणि कुणी हाक मारली का म्हणून विचारू लागले. हसू ओसरल्यावर वन्संनी पदराने डोळे पुसले आणि टीव्हीकडे बघून, त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाल्या, "काय व्हायचं? बदली झाली त्याची. निघण्याआधी एकदा भेटून जा म्हणाला होता. मी गेले नाही. आईला भ्यायले नव्हते मी, लाजले."

टीव्हीतल्यांनी या वेळी ऐकायची रीत पाळली. बाईंनी उठून चहा टाकला आणि न विचारता वन्संच्या कपात साखर जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानदाराला घरी घेऊन आल्या आणि डब्याचा कान बंद करायची जागा त्याच्याकडून शोधून घेतली. जागा होती, पण पडद्यावरच्या सात दारांच्या आत दडवलेली. वन्संना मात्र कान उघडाच हवा होता. त्यांनी त्या अनोळखी चोरांची रीतसर तुकडी बांधली. तिजोरीवर चालून जाण्याआधी सगळ्यांना आपापल्या घरी खांदे फिरवायला लावत आणि कोण फिरवत नाही ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. तेव्हा तह झाला. खेळताना कान उघडा आणि घरचा विषय निघाला की बंद.

पुढे कंपनीवर चहूकडून शिव्यांचा पाऊस पडला आणि तिने डिस्कचं कुलूप काढून घेतलं. दुकानदाराने त्या दिवशी येईल त्याला चहा पाजला. बाईंनी राजवाड्याची डिस्क वन्संच्या हाती दिली, आता आपल्या घरी निवांत खेळा म्हणून.

ती काही परत येईना. यजमान दोनदा जाऊन हात हलवत आले. शेवटी बाई स्वतः गेल्या, तर वन्सं दारातच म्हणाल्या, "डिस्क सापडत नाहीये. आत या, शोधू."

आत टीव्ही चालू होता, डिस्क डब्यात फिरत होती आणि टीव्हीतून तुकडीचं खांदे फिरवत 'एक-दोन, एक-दोन' चाललं होतं.

"वहिनी आल्या का?" टीव्हीतून कुणीतरी विचारलं.

"आल्या," बाई चपला काढत म्हणाल्या. "आणि डिस्क घेऊनच जाणार आहेत."