सहापैकी पाच जुळले

चहा घ्या आधी, मग सांगते. माझी फजिती रिकाम्या पोटी ऐकण्यासारखी नाही.

भद्रावतीत आमच्या भिंतीला भिंत लागून वनिताबाईंचं घर. त्यांची प्रणाली डॉक्टर झाली, पण दवाखाना काही टाकला नाही. नागपूरला कसलंसं संशोधन करते आणि शनिवारी घरी येते. एवढी गुणी पोर हातची जाऊ नये म्हणून मीच मध्ये पडले. माझा भाचा सुहास वरोऱ्याला कॉलेजात शिकवतो. दोघांनी एकमेकांचे फोटो पाहिले, दोघंही लाजली, म्हणजे अर्धं काम झालंच होतं. रविवारी माझ्या बहिणीकडची मंडळी पोरगी पाहायला येणार होती.

शनिवारी सायंकाळी मी गच्चीवर लाखोळीच्या डाळीच्या अर्धवट वाळलेल्या वड्या गोळा करत होते. पलीकडच्या गच्चीवर प्रणाली फोनवर बोलत होती. आता कान ही काय झाकण लावून ठेवायची वस्तू आहे का?

"पहिल्यानं रिजेक्ट केलं तेव्हा मी रडली होती," ती कोणाला तरी सांगत होती. "आता बाहेरदेशातल्यानं अ‍ॅक्सेप्ट केलं. थोड्या सुधारणा सांगितल्या त्यानं, त्या करून देईन."

माझा हात वडीवरच थांबला.

"हो ना, सहापैकी पाच जुळले होते. तरी महिन्याभरात रिजेक्ट."

छत्तीस गुण मला माहीत होते. सहाचा हिशोब नवीनच. शिकलेल्या लोकांनी थोडक्यात आटपलं असेल, म्हटलं.

"सख्ख्या भावाशी जुळलं तं सगळ्यात चांगलं."

मी मटकन खाली बसले. वड्यांवरच बसले, हे नंतर कळलं.

"नाई, आईले आत्ताच नाई सांगत. छापून आलं का सांगीन."

छापून म्हणजे पत्रिकाच ना? आपल्याकडं पोरीच्या नावानं दुसरं काय छापतात?

खाली आले, लुगड्याला चिकटलेल्या वड्या झटकल्या आणि बहिणीला फोन लावला. आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "वनिताबाईले तं विचारून घे एकदा." यांना कुठल्या गोष्टीची घाईच नसते.

"शोभा, उद्या येऊ नका. पोरीचं बाहेरदेशात जमलं."

"काऊन वो? परवा तं तूच म्हणे, पोरगी सोनं आहे."

"सोनंच आहे, पण दुसऱ्यानं उचललं. त्याच्या आधी एकानं परत केलं होतं. माह्या कानानं ऐकलं."

"बरं झालं बाई, सांगितलं. चिमूरचं स्थळ अडवून ठेवलं होतं, त्यायले आजच होकार देतो."

भाच्याचं नाक वाचवलं, या समाधानात मला छान झोप लागली.

रविवारी दुपारी मी नारळ आणि खण घेतला, यांनाही सोबत ओढलं. आपलं जमलं नाही म्हणून काय झालं, मन मोठं असावं माणसाचं. वनिताबाई नवं लुगडं नेसून दारातच उभ्या. आतून पोह्यांचा वास. प्रणाली साडीत, केसांत गजरा, आणि नजर माझ्या पाठीमागच्या रस्त्यावर.

"सिंधूबाई, तुमीच आल्या? पाहुणे कुठी राह्यले?" वनिताबाईंनी विचारलं.

"कायचे पाहुणे? माह्यापासून काऊन लपवून राह्यल्या? बाहेरदेशातल्या पोरानं प्रणालीले पसंत केलं ना?"

"कोणता पोरगा?"

मग मी गच्चीवरचं सगळं सांगितलं. भावाचं तेवढं हळू आवाजात.

प्रणाली हसत सुटली. इतकी, की गजरा सुटून खांद्यावर आला. "काकू, तो माझा लेख आहे. किडनी बदलवण्यावर. एका पत्रिकेनं परत केला, बाहेरदेशातल्या पत्रिकेनं घेतला."

"पत्रिका आहे ना मंग?"

"डॉक्टर लोकायची पत्रिका, काकू. लग्नाची नाई. जुळते त्या देणाऱ्याच्या अन् घेणाऱ्याच्या रक्तमांसातल्या सहा खुणा. भावाभावायचं चांगलं जुळते." मग तिचं हसू ओसरलं. "पण मंग वरोऱ्याचे लोक?"

मी चिमूरचं सांगून टाकलं. वनिताबाई पोह्यांवर झाकण ठेवायला आत गेल्या. प्रणालीनं गजरा काढून टेबलावर ठेवला.

 विषय बदलावा म्हणून मीच विचारलं, "पण बाई, एवढं जुळून मंग किडनी रिजेक्ट काऊन होते?"

"शरीरात पहारेकरी राह्यते काकू. कोण आलं, कोण गेलं, दिवसभर तेच पाहते. भल्यासाठी आलेलं असलं तरी त्यायले परकं वाटते. मंग हाकलून देते."

"उपाय नाई का त्याच्यावर?"

"गोळ्या आहेत ना. पहारेकऱ्याले जरासं दाबून ठेवते. पण जन्मभर घ्या लागते."

 आमच्या यांनी खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि म्हणाले, "नाव सांग बेटा त्या गोळीचं. आमच्या घरी एक पहारेकरी आहे."